दुधनीच्या तुराट्या, व्हर्मांटची टाकी

जानेवारीतल्या पहाटे सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडक्या बंद असतात आणि माणसं कानाला मफलर गुंडाळून बसतात. होटगीला विजयपूरचा फाटा वळला, फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राची चिमणी मागे पडली, मग अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी. १८७१ मध्ये मुंबई आणि मद्रासकडचे रूळ रायचूरला जुळले, तेव्हापासूनचा हा रस्ता. डब्यातली बोली इथे हळूहळू कन्नड होत जाते. बाहेर दोन्ही अंगांना तूर. कुठे उभी, कुठे कापून पेंढ्या बांधून वाळायला ठेवलेली. दुधनीच्या पुढे लगेच कर्नाटक.

मी दुधनीला मावशीकडे निघाले होते. तिचा मुलगा अमेरिकेत व्हर्मांटच्या एका खेड्यात राहतो आणि मागच्या हिवाळ्यात मी त्याच्या घरी राहून आले. तो फोनवर सांगतो, "आई, घर गॅसवर गरम होतं." मावशीच्या डोळ्यांपुढे गॅस म्हणजे ओट्याखालची १४.२ किलोची टाकी. तेवढ्यावर अख्खं घर कसं तापणार, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

पोचले तेव्हा परसात बंब पेटलेला होता. तांब्याचा, सासूच्या वेळचा. मधल्या नळीत तुराट्या मोडून घालायच्या, खालून हवा खेळू द्यायची. वाळलेली तुराटी तडतडत पेट घेते आणि दोन मुठींत न्हाणीपुरतं पाणी कढत होतं. दुधनीत थंडीच्या दिवसांतही कुणी घर तापवत नाही. ऊब हवी ती अंगाला, म्हणून ती पाण्यातून घ्यायची. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर, पाणी बंबावर, अशी मावशीची वाटणी ठरलेली आहे. चूल घराबाहेर नेल्यापासून तिचा खोकला कमी झाला, हे तिनं स्वतः सांगितलं. घरातल्या धुरानं किती बायकांची छाती पोखरली, ते या भागात डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे गॅस आला याचा आनंद मला मनापासून आहे.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे घेऊन आम्ही बसलो आणि मी व्हर्मांटचं घर सांगायला लागले.

त्या राज्यात वायव्येचा तुकडा सोडला तर नळानं गॅस येत नाही. म्हणून घराशेजारी अंगणात प्रोपेनची आडवी पांढरी टाकी. पाचशे गॅलनची, म्हणजे सुमारे १,९०० लिटरची. भरायची मात्र ऐंशी टक्केच, कारण उन्हाळ्यात आतला द्रव फुगतो. तरी एका भरण्यात आपल्या पन्नासहून जास्त टाक्यांचा गॅस मावतो. मावशीनं घास हातातच धरला. त्यावर तळघरातली भट्टी चालते, पंखा गरम हवा खोल्याखोल्यांतून फिरवतो, आंघोळीचं पाणीही त्यावरच. टँकर येण्याआधी टाकीपर्यंतची वाट फावड्यानं मोकळी करावी लागते. भिंतीतून बाहेर काढलेल्या धुराड्यावर बर्फ साचू द्यायचा नाही. ते तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, आणि त्याला वास नसतो. भाऊ रोज सकाळी काट्यावरचे टक्के बघून मगच चहा घ्यायचा.

"पण एवढ्या थंडीत गॅस गोठत नाही?" मावशीनं विचारलं. हा प्रश्न तिला सुचला, कारण डिसेंबर-जानेवारीत संपत आलेली टाकी पहाटे मंद जळते, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलंय. आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो. ब्युटेन शून्याच्या आसपास पोचला की वाफ व्हायचंच थांबतो. टाकीतून प्रोपेन आधी निघून जातो, तळाला ब्युटेन उरतो, म्हणून शेवटच्या दिवसांत आच मंदावते. लडाखच्या हिवाळ्यात हाच त्रास कितीतरी पटींनी होतो. व्हर्मांटमध्ये म्हणूनच जवळजवळ निखळ प्रोपेन वापरतात. बाहेर उणे पंचवीस असलं तरी त्याची वाफ होतच राहते.

"आन् लाईट गेली तर?"

तर भट्टीचा पंखा बंद, आणि पंख्याशिवाय भट्टी चालत नाही. टाकी भरलेली असून घर गारठतं. माझ्या मुक्कामात एका वादळी रात्री तसंच झालं. भावानं बैठकीतली लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी पेटवली आणि आम्ही सगळे त्याच खोलीत झोपलो. तिथल्या गावांत ही शेगडी पुष्कळांनी ठेवलेली आहे. मॅपलची लाकडं उन्हाळ्यातच फोडून रचायची, ती नीट वाळल्याशिवाय धड जळत नाहीत.

मावशी उठली आणि मला परसात घेऊन गेली. गोठ्याच्या भिंतीला तुराट्यांची रास पाठीएवढी उंच लावलेली, वर जुनी ताडपत्री. "ही दोन वर्षांची हाय. त्याला सांग, लाकडं पावसात भिजू दिऊ नको म्हनावं."

दोन टाक्या घरात असून ही रास ती का राखते, हे तिनं बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलंही नाही. नंबर लावून टाकी वेळेवर न येण्याचे दिवस तिनं पाहिलेले आहेत. एका घराची सगळी ऊब एकाच वाटेनं यावी, हे मला व्हर्मांटमध्येही धोक्याचं वाटलं होतं.

दुपारी काकांबरोबर आडत बाजारात गेले. तुरीची पोती ओतून ढीग लावले होते, हमाल चाळत होते. काकांनी यंदा रानात हार्वेस्टर घातला. मजूर मिळत नाहीत, आणि काही तासांत सगळं रान मोकळं होतं. पण यंत्रातून दाणा सुटतो आणि झाडाचा रानातच चुरा होतो; सरपणाला तुराटी उरत नाही. हा विषय घरी निघाला तेव्हा मावशीनं शांतपणे अट घातली: बांधाकडची चार तासं पुढच्या वर्षी इळ्यानं कापायची, मजुरी तिच्या शेळीच्या पैशातून. काका थोडे कुरकुरले, मग कबूल झाले.