न्हाणीघराचा झरोका

रायपूरची थंडी फसवी आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो खरा. पण दुपारच्या उन्हात फार वेळ बसवत नाही. शीत प्रदेशांतल्याप्रमाणे सारे घर तापवणारी गॅसची भट्टी येथे कोणी बसवीत नाही. येथील माणसाची थंडीशी खरी गाठ पडते ती पहाटेच्या न्हाणीघरात, आणि तेथेच हल्ली गॅस गीझर टांगलेला असतो.

चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. या परिसरातील मराठी घरांत दिवाळी म्हणजे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान हे अजून गृहीतच आहे. पूर्वी त्यासाठी तांब्याचा बंब पेटे. बंब धुरकट, वेळखाऊ, राखेने हात काळे करणारा; परंतु आपली उपस्थिती तो लपवीत नसे. डोळे चुरचुरले की कोणीतरी उठून झरोका उघडी. अर्थात बंबाचे अकारण गोडवे गाण्यातही अर्थ नाही. निखारे फुलले की धूर थांबतो आणि धोका तेथेच सुरू होतो. छत्तीसगडातील गोरसी, मराठी घरातली शेगडी, ही ऊबदार साधने बंद खोलीत उशाशी घेऊन निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा वार्ता दर हिवाळ्यात येतात.

गॅस गीझरने धूर नाहीसा केला. त्याबरोबर धुराची सूचनाही गेली. ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला की ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बिलगतो. आपल्याकडील गैरसमज असा, की गॅसचा धोका वासाने कळतो. वास येतो तो सिलिंडरमधील गॅसला, आणि तोही मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टनचा. जळून निर्माण झालेल्या विषाला असा कोणी पहारेकरी नेमलेला नाही. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. घरातले म्हणतात, पित्त झाले असेल, उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून भोवळ आली. हा घरगुती खुलासाच अनेकदा घातक ठरतो.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एमिल झोला आठवावा. २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील आपल्या घरी तो मृतावस्थेत सापडला. शयनगृहात विस्तव पेटवलेला होता आणि चिमणीतून वायू बाहेर गेला नव्हता. पत्नी वाचली. चौकशीसाठी त्याच खोलीत पुन्हा विस्तव पेटवून गिनीपिग ठेवले, तर ते जिवंत राहिले. अपघात की घातपात, हा वाद पुढे चालू राहिला. मात्र एका दिवशीच्या तपासणीत निर्दोष ठरलेली खोली दुसऱ्या रात्री निर्दोष असेलच असे नाही, हेही त्या प्रकरणात दिसते.

म्हणून कारागिराला दिवाळीनंतर नव्हे, आधीच बोलवावे. ज्योत निळी आहे की पिवळट, झाकणावर काजळी धरली आहे का, हे तो पाहील. रबरी नळीवरचे वर्ष वाचील; पाच वर्षे उलटलेली नळी बदलावी लागते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहील. एवढे करून तो निघून जातो. यंत्र ठीक असते. परंतु थंडी पडली की घरातलाच कोणी माणूस झरोक्याला पुठ्ठा लावतो, खिडकीच्या फटीत कापड कोंबतो, आणि सकाळी तपासलेले यंत्र संध्याकाळी निराळ्याच खोलीत जळू लागते. त्यातच अभ्यंगस्नानाची पहाट: तेल, उटणे, एकामागून एक आंघोळी, ऊब जाऊ नये म्हणून दार लगेच लावून घेणे. पहिल्याला काही होत नाही. चौथ्याच्या वाट्याला आधीच्या तिघांची हवा येते. दोन आंघोळींच्या मध्ये दार-खिडकी सताड उघडी टाकण्याची पद्धत पाडावी, तर थोरामोठ्यांना ती हट्टाची वाटते.

उपाय जुनाच आहे. बंब पुष्कळदा परसात असे. तसा गीझरही मोकळ्या हवेत, बाहेरच्या भिंतीवर बसवून नळाने पाणी आत घ्यावे. चौबे कॉलोनीतल्या जुन्या बैठ्या घरांना मागची मोकळी जागा असे, तेथे हे सोपे होते. सदनिकांत नळ लांबवावा लागतो, भिंत फोडावी लागते. शिवाय पहिले तांब्याभर पाणी गार येते, म्हणून घरातली मंडळी कुरकुर करतात.