मिरामारचे पाणी

पणजीच्या कांपाल भागातून मांडवी उजव्या हाताला ठेवून चालत निघाले, की थोड्याच वेळात रस्ता वळतो आणि समोर मिरामारचा किनारा पसरलेला दिसतो. पोर्तुगीज अमदानीत या भागाला गास्पार दियास म्हणत. सुरूची झाडे, भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आणि पलीकडच्या तीरावर आग्वादचा किल्ला. नदी इथेच समुद्राला मिळते. संध्याकाळी येणारी कुटुंबे भेळ खातात, मुलांचे पाय भिजवतात आणि परततात. या पाण्याला कोणी भ्यावे असे त्यात वरवर तरी काही दिसत नाही.

पण २०१९ सालच्या ऑक्टोबरात याच वाळूवर पहाटे शेकडो माणसे रंगीत टोप्या घालून उभी होती आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात गोळा आला असला पाहिजे. गोव्यातली पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यत त्या दिवशी येथे भरली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, लगेच ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणे, असा हा तिहेरी खटाटोप. मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून हे विचित्र नाव.

अशा शर्यतीला आपल्या पुण्या-कोल्हापुराकडून जी हौशी मंडळी जातात, त्यांत सायकलवाले बरेच असतात. सिंहगडाचा घाट ज्याने हसतखेळत चढावा, अशा गड्याला ९० किलोमीटरचे काय कौतुक? त्याला धास्ती असते ती पहिल्या दोन किलोमीटरांची. एकूण ११३ किलोमीटरांत पोहण्याचा वाटा शंभरात दोनाइतकाही नाही. पण तो अगदी आरंभी येतो. पोहायला बहुधा एक तास दहा मिनिटांची मुदत असते. तेवढ्यात जो पाण्याबाहेर आला नाही, त्याची सायकल बिचारी रांगेत टांगलेलीच राहते. वर्षभर पहाटे उठून केलेली तयारी, घरच्यांनी सोसलेले रविवार, सारे त्या सत्तर मिनिटांवर येऊन ठेपते.

गंमत अशी, की या खेळाच्या जन्मकथेत सायकलवाल्याचाच हात आहे. हवाई बेटांवर धावणारा श्रेष्ठ की पोहणारा, असा वाद रंगला असताना अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स यांनी बेल्जियमच्या एडी मर्क्स या सायकलपटूचे नाव पुढे केले. मग तिन्ही एकदमच करून पाहू, असे ठरले. १९७८ सालच्या फेब्रुवारीत पंधरा जणांनी आरंभ केला आणि बारा जणांनी शेवट गाठला. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला. तिथे पोहण्याचे अंतर दीड किलोमीटर असते.

आता सायकलवाल्याचे पाण्यात बिनसते कोठे? त्याच्या पायांत बळ असते, हेच बिनसते. रस्त्यावर जोर लावला की वेग मिळतो. पाण्यात जोर लावला की दम जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. वेग दुप्पट करावा तर विरोध चौपट होतो. म्हणून तिथे ताकदीपेक्षा अंगाची ठेवण महत्त्वाची. सायकलवाल्याच्या मांड्या जड, घोटे ताठ. डोके वर काढले की पाय खाली जातात आणि माणूस सरळ होडीऐवजी तिरकी फळी होऊन पाणी ढकलू लागतो. मग घाबरून लाथा वाढतात आणि मोठे स्नायू होता नव्हता तेवढा प्राणवायू खाऊन टाकतात.

आपल्यातले कित्येक जण पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलेले. सूर मारणे, मुटका मारणे, तळाची माती आणून दाखवणे यांत ते पटाईत. पण विहिरीतले पोहणे वर राहण्याचे असते, दूर जाण्याचे नव्हे. दूर जायचे तर पहिला धडा श्वासाचा. तोंड पाण्यात असताना श्वास हळूहळू सोडत राहावे, बाहेर येताच नुसता घ्यावा. कोंडून धरलेला श्वासच छाती भरून आणतो. दुसरा धडा नजरेचा: दृष्टी तळाकडे ठेवली की मान सैल पडते आणि कंबर आपोआप वर येते. तिसरा हातांचा: हात लांबवून क्षणभर घसरू द्यावे आणि पंचवीस मीटरला किती हात लागतात ते मोजावे. संख्या कमी झाली की समजावे, आपण सुधारलो. लाथ हलकी असावी. पाय पुढच्या ९० किलोमीटरांसाठी राखायचे आहेत. रविवारी एकदाच तासभर झगडण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास बरा. पाणी विसराळू मास्तर आहे, फार दिवस न गेल्यास ओळख देत नाही.

पंचवीस मीटरच्या तलावात शहात्तर फेऱ्या झाल्या की १.९ किलोमीटर भरतात. पण तलावाला कठडा असतो आणि तळाशी रेघ असते. मिरामारला दोन्ही नाहीत. पावसाळ्यानंतर नदीचे पाणी गढूळ, लाटा लहान पण न थांबणाऱ्या. दर सहा-आठ हातांनी सुसरीसारखे नुसते डोळे वर काढून तरंगती खूण पाहावी लागते, नाही तर माणूस भलतीकडेच जातो. भरती-ओहोटी सुमारे सव्वासहा तासांनी पालटते, आणि ओहोटीत नदीचा ओढा समुद्राकडे असतो. म्हणून सरावापूर्वी जीवरक्षकाला किंवा कोळ्याला वेळ विचारावी, आणि एकट्याने कधीच उतरू नये. एक दिलासा मात्र आहे: खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे अंग अधिक तरंगते. आणखी एक मौज. सायकलीवर दुसऱ्याच्या आडोशाने जाणे या शर्यतीत गुन्हा ठरतो. पाण्यात मात्र पुढच्याच्या पायांमागे राहून श्रम वाचवायला पूर्ण मुभा.

आणि छाती धडधडलीच तर? उताणे व्हावे, चार श्वास घ्यावेत, हात वर करावा. मदतीच्या नावेला धरून थांबल्याने शर्यत जात नाही. नावेने पुढे नेता कामा नये, एवढेच.

चाळिशीतला, आपल्या विषयात मुरलेला माणूस शाळकरी मुलांच्या रांगेत उभा राहून श्वास कसा सोडावा हे शिकतो, ही गोष्ट सोपी नाही. कचेरीत ज्याला चार लोक सल्ला विचारतात, त्याला इथे दहा वर्षांची पोर मागे टाकून जाते. पदक कोणाला मिळते ते मिळो. पण उतारवयाच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिलीत बसायची तयारी ज्याने दाखवली, त्याने त्या सत्तर मिनिटांतले पुष्कळसे आधीच जिंकलेले असते.

येत्या सुटीत गोव्याला जाल तेव्हा मिरामारला जरूर थांबा. सकाळी लवकर गेलात तर लाटांपलीकडे एखादी रंगीत टोपी वर-खाली होताना दिसेल. मुलांना ती दाखवा, आणि तो माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत पाहा. वाळूवर त्याचे पाय लटपटतील, पण चेहरा बघण्यासारखा असेल.