एडिंबरातली आठवारी

तर झालं असं... शुक्रवारी लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून गाडी सुटली आणि तासाभरात ‘तिचा’ मेसेज आला. ‘तिचा’ म्हणजे एक्स-बायकोचा. ‘उद्या संध्याकाळी शाळेत बर्न्स सपर आहे. त्याला किल्ट घालायचाय. तुझा वीकेंड आहे म्हणून सांगते. मी हो म्हटलंय.’

मी उत्तर पाठवलं, ‘मी नाही म्हणतोय.’

पोरगा आठ वर्षांचा. आईबरोबर एडिंबरात राहतो, महिन्यातला एक वीकेंड माझा. घटस्फोटाच्या कागदांत शाळा, औषधपाणी, पासपोर्ट, दिवाळी, सगळं आहे. किल्टचं कलम नाही. वकिलानं एक सांगितलं होतं, स्कॉटलंडच्या १९९५च्या कायद्यानुसार मुलाबाबत मोठा निर्णय घेताना त्याचं म्हणणंही विचारात घ्यायचं असतं. आता कपडे हा काय मोठा निर्णय? मग साडेचार तासांच्या प्रवासात आम्ही दुसऱ्या कशावर भांडलोच नाही, ते का?

मी तिला सांगितलेलं कारण असं, की फोटो पुण्याला गेला की भावंडं ‘फ्रॉक, फ्रॉक’ म्हणून चिडवतील. खरं कारण मी टाइप केलं नाही. त्याचं इंग्रजी आता पक्कं स्कॉटिश झालंय. फोनवर मला दोनदा विचारावं लागतं, ‘काय म्हणालास?’ त्यात आता हा ड्रेस.

शनिवारी सकाळी त्याला घेऊन वेव्हर्ली स्टेशनाशेजारून चढ चढत रॉयल माइलवर आलो. स्टेशनाचं नाव सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून पडलंय, आणि त्याचं ६१ मीटर उंच काळपट स्मारकही जवळच, प्रिन्सेस स्ट्रीटवर. लेखकाला एवढा मान! वरचा रस्ता किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत जातो, दोन्ही बाजूंना पेठेतल्यासारखे बोळ. जानेवारीतला बोचरा वारा, कोपऱ्यावर बॅगपाइप, आणि दर चार पावलांवर टुरिस्टांसाठी स्वस्तातले किल्ट. मी तसलाच एखादा घेऊन विषय संपवणार होतो.

‘बाबा, हा खरा नाही,’ पोरगा म्हणाला. ‘खरा लोकरीचा असतो.’

मग भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या आजोबांनी मोठ्यांचा एक किल्ट काउंटरवर उलगडला. आठ वार कापड! आपली नऊवारी, ही त्यांची आठवारी. फक्त निऱ्या मागे. ‘आमचं काही क्लॅन नाही,’ मी जरा तोऱ्यातच म्हणालो. त्यांनी शांतपणे गडद निळा-हिरवा ब्लॅक वॉच काढला. हा कुणीही घालावा म्हणाले.

पोरगा आत बदलत होता तोवर आजोबांनी मला इतिहास ऐकवला. कलोडनच्या लढाईनंतर १७४६मध्ये ब्रिटिश सरकारनं कायदा केला, की सैन्यातले सोडून कुठल्याही पुरुषानं ‘किंवा मुलानं’ हा हायलँडचा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार. कायदा रद्द झाला १७८२मध्ये. आणि हा ब्लॅक वॉच? तो त्या काळात सरकारी पलटणीचाच. पुढे १८२२मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरात आला, तेव्हा स्वागताचा सगळा थाट स्कॉटनं मांडला. राजा स्वतः किल्टमध्ये, आणि एरवी हायलँडवाल्यांना नाकं मुरडणारे शहरी लोकही किल्टमध्ये!

त्या ‘किंवा मुलानं’वर मी अडकलो. सरकारनं बंदी घातलेली, आणि आता मी.

पडदा सरकला. गुडघे उघडे, मोजे वर, कमरेला स्पोरान, म्हणजे चामडी बटवा. त्यानं एक गिरकी घेतली, मागच्या निऱ्या उडाल्या. मग माझ्याकडे बघून थांबला. ‘बाबा, तू चिडलायस?’

हे कलमही कागदांत नाही. ‘नाही रे,’ म्हणालो आणि खाली बसून त्याचा मोजा उगाच नीट केला.

संध्याकाळी शाळेच्या दारात ‘ती’ उभी होती. पोराकडे बघून खूश झाली, मग वाकून त्याची पिन काढली. मी ती दोन्ही पदरांतून टोचली होती. ‘फक्त वरच्याला लावायची, नाहीतर कापड फाटतं.’ आजोबांनीही बहुतेक हेच सांगितलं होतं. हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज, कलेजी, फुप्फुस आणि ओट्स, मी दोनदा घेतलं. झकास लागतं. पोरगा नाचत होता, फोटो मी काढले आणि आईला पुण्याला पाठवले.

रविवारी परतीच्या गाडीत आईचा फोन. ‘अरे, गोड दिसतोय. पण निऱ्या मागे का?’

तो ठेवला तर ‘तिचा’ मेसेज. ‘उद्या किल्ट परत द्यायचाय. हा म्हणतोय विकत घ्यायचा. तूच बोल.’

मी खिशातून दुकानाची पावती काढली आणि तिच्यावरचा नंबर शोधायला लागलो.