बसण्याचं शिक्षण

अपघातानंतर जो तो एकच विचारायचा, ‘चालता येईल का?’ बसता येईल का, हे कुणाला सुचलं नाही. मला तर मुळीच नाही. बसणं ही काय शिकायची गोष्ट आहे?

चेन्नईतल्या एका पुनर्वसन केंद्रात मला मॅटच्या काठावर बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, हात मांडीवर ठेवले आणि फिजिओथेरपिस्ट मुलीने स्वतःचे हात काढून घेतले. मी पुढे कोसळलो. तिने खांद्याने अडवलं. ‘मेदुवा, सार.’ सावकाश. पण सावकाश नेमकं काय करू? कोसळू?

मानेच्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला माझ्यासारखी पूर्ण इजा झाली की खांदे चालतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. कोपर जोराने सरळ करणारा ट्रायसेप्स जातो, बोटं जातात, आणि पोटापाठीचं तर विचारूच नका. बुडाखाली काय आहे तेही कळत नाही. डोळे मिटले की आपण मॅटवर आहोत की अधांतरी, याचा पत्ता लागेना. मी आपलं ठरवून टाकलं की पाठ कमजोर झाली आहे, व्यायामाने भरून काढू. नाशिकहून आलेल्या आईने तर मेथीचे लाडूच आणले होते. त्या मुलीने शांतपणे सांगितलं की त्या स्नायूंपर्यंत मेंदूचा निरोपच पोचत नाही. मग आपण रोज घाम गाळून व्यायाम कसला करतोय? (घाम आपला म्हणायचा. तो आता फक्त तोंडाला आणि मानेला येतो. इजेच्या खालचं शरीर घाम गाळून थंड होत नाही, त्यामुळे चेन्नईच्या मे महिन्यात पाणी फवारायची बाटली हेच माझं औषध.)

उत्तर तुकड्यातुकड्याने मिळालं. आधी डोक्याचं. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, आणि ते जिकडे जाईल तिकडे माझं धड जातं. म्हणजे पुढे झुकायला लागलो की डोकं मागे टाकायचं, उजवीकडे चाललो की डावीकडे. आरशासमोर बसून हे करताना आपलंच धड परक्यासारखं बघावं लागतं, कारण आतून काहीच खबर येत नाही. मग हाताचं. खांदा बाहेर वळवून हात मागे टेकवला की ट्रायसेप्स नसतानाही कोपर अडकून सरळ राहतं, आणि त्यावर भार टाकता येतो. फक्त बोटं मुडपलेली ठेवायची. मनगट उचललं की बोटं आपोआप मिटतात, त्याच पकडीवर मी पेला धरतो. बोटं सपाट पसरून भार दिला तर स्नायूंच्या दोऱ्या ताणल्या जाऊन ती पकड सैल पडते.

आणि मग लॅटिसिमस डॉर्साय. या नावाशी माझी झटापट अजून चालू आहे. पाठीवरचा हा रुंद स्नायू दंडापासून कमरेच्या हाडापर्यंत पोचतो, पण त्याच्या नसा निघतात मानेतून. माझ्याकडे तो अर्धामुर्धा वाचला आहे. ज्या कमरेची मला काहीच जाणीव नाही, तिला मानेकडून एक धागा अजून जोडलेला आहे! हे ऐकलं तेव्हा कुठे व्यायामाचा अर्थ लागला.

आईचा धीर सुटायचा तो वेगळ्याच गोष्टीवरून. ‘अरे, ताठ बस ना जरा! पोक काढून काय बसलायस?’ मलाही शाळेपासून तेच शिकवलेलं. पण पोटाचे स्नायू नसताना ताठ बसलं की केसभर पुढे गेलेला तोलही सावरत नाही. कंबर जरा मागे कललेली असली तर बैठक टिकते. तेही फार झालं तर सगळा भार माकडहाडावर येतो, आणि तिथे जखम झाली की बसणंच बंद. मधली जागा मला अजून रोज नव्याने शोधावी लागते.

ती शोधायला चाकाची खुर्ची नीट हवी. रुग्णालयातल्या घडीच्या खुर्चीचं बसायचं कापड सैल पडलेलं असतं, तिच्यात कुणीही घसरेल. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेली निओफ्लाय ही खुर्ची २०२१ मध्ये बाजारात आली, ती माणसाच्या मापाने बनवतात. खुर्चीचं माप घ्यायचं असतं हे मला तिच्यामुळेच कळलं. बैठक मागच्या बाजूला थोडी खाली असली की धड आपोआप खुर्चीच्या पाठीला टेकतं. कितीही व्यायाम केला तरी चुकीच्या खुर्चीत तोल मिळत नाही, हे माझं ठाम मत.

मरीना बीचवर व्हीलचेअरसाठी बांधलेला रॅम्प नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच महिन्यात मांडूस वादळाने त्याची मोडतोड केली. दुरुस्त झाल्यावर आम्ही गेलो. उतार अगदी सौम्य, तरी माझं धड निघालं पुढे. तिथे छातीचा पट्टा कामी आला. लाज वाटायची मला त्या पट्ट्याची, आता वाटत नाही.

एक विनंती आहे. माझ्यासारखं कुणी भेटलं की लोक प्रेमाने हात धरून हलवतात, आणि आमचा तोल जातो. आधी सांगा. मी दुसऱ्या हाताचं कोपर खुर्चीच्या मागच्या दांड्यात अडकवतो, मग खुशाल हात मिळवा.