तळघरातला तांब्याचा पाइप

मिसिसॉगातलं आमचं घर बघायला कुणी आलं की मी आधी तळघरात नेतो. तिथं शॉवरचं सांडपाणी नेणारा तांब्याचा उभा पाइप आहे आणि त्याला तांब्याचीच नळी वेटोळी घालून घट्ट बसवलेली आहे. ऑन्टॅरिओत २०१७ पासून बहुतेक नव्या घरांत ही सोय करावी लागते.

इथलं नळाचं पाणी ऑन्टॅरिओ सरोवराचं. ऐन थंडीत ते जेमतेम ५ अंश असतं. ते ४० अंशांपर्यंत तापवायचं, अंगावरून क्षणभर वाहू द्यायचं आणि ३५ अंशांना गटारात सोडायचं, हे मला फार लागतं. उभ्या पाइपात पाणी मधून कोसळत नाही, आतल्या बाजूला पातळ थर धरून उतरतं. बाहेरच्या नळीतून गार पाणी वर चढत असतं. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत, तांब्यातून फक्त ऊब पलीकडे जाते. चाळीस टक्के हाती लागली तरी ५ अंशांचं पाणी १७ अंशांचं होऊन पुढे जातं. ना मोटर, ना वीज.

निपाणीच्या घरी न्हाणीचं पाणी परसातल्या अळवाला जायचं. आईनं पाणी कधी वाया घालवलं नाही. बंबात जळलेल्या लाकडांची ऊब मात्र त्या पाण्याबरोबर जायची. परवा फोनवर तिनं विचारलं, "आपल्याकडं बसंल का रे ते?"

घरात नाही बसणार. आपण बादली आधी भरतो, अंघोळ मागून. ऊन पाणी मोरीत जातं तेव्हा नळ बंद असतो आणि ह्या पाइपाला दोन्ही प्रवाह एकाच वेळी लागतात. शिवाय तिकडं पाणी मुळातच २२ अंशांच्या आसपास. पाचेक अंश मिळतील. त्यापेक्षा गच्चीवरचा सोलर बरा.

पण बेळगावातल्या कॉलेजांची वसतिगृहं सारखी डोळ्यांपुढं येतात. सकाळी एकाची बादली भरत असते तेव्हा चौघांची रिकामी होत असते, म्हणजे प्रवाह सलग. तीन मजल्यांची उंची आयती. आपल्याकडं मोरीचा आणि संडासाचा पाइपही बऱ्याचदा वेगळा असतो. पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडत नाही, तेव्हा तिथं चार-पाच अंशही मोलाचे. ४० अंश गाठायला लागणाऱ्या उष्णतेचा तो जवळजवळ चौथा हिस्सा. पुढच्या सुट्टीत तिथल्या एखाद्या जाणत्या प्लंबरला गाठून मापं घ्यायची आहेत.