साडेनऊ नॅनोमीटरचं प्रकाशवर्ष

आमच्या चौकीवर मोबाइलला सिग्नल मिळतो तो फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि तोही वाऱ्याच्या मर्जीने. परवा तिथे उभा असताना लेकीचा फोन आला. ती पुण्यात, नववीत. मी अरुणाचलात; याहून जास्त पत्ता सांगता येत नाही. कसा आहेस, जेवलास का, काही नाही.

"बाबा, एका प्रकाशवर्षात नॅनोमीटर किती? माझं उत्तर ९.४६ आलंय."

म्हणजे प्रकाश वर्षभर धावून कोरोनाच्या विषाणूच्या दहाव्या हिश्शाइतकाही पुढे सरकला नाही! (तो विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा.) मी हसलो, ती चिडली.

चूक लगेच सापडली. प्रकाशवर्ष म्हणजे साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर. लाख कोटी हा शब्द आपल्याला अर्थसंकल्पामुळे पाठ आहे. एकावर बारा शून्यं, भास्कराचार्यांच्या भाषेत महापद्म. एका किलोमीटरमध्ये नॅनोमीटरही तेवढेच: किलोमीटरचे मीटर करताना तीन शून्यं, मीटरचे नॅनोमीटर करताना नऊ. तिने गुणायच्या जागी भागलं आणि महापद्माने महापद्म खाऊन टाकलं. खरं उत्तर ९.४६ वर १० चा २४ वा घात.

"आकडेमोडीच्या आधी विचार कर," मी म्हणालो, "माप लहान केलं की आकडा वाढणार की घटणार?"

"तुला कोणी शिकवलं हे? एनडीएत?"

एनडीएत नकाशावाचन शिकवलं होतं खरं. खडकवासल्याच्या आसपासच्या डोंगरांत कंपास आणि प्रोट्रॅक्टर घेऊन भरपूर भटकलो. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे पंचवीस मीटर रुंदीचा पट्टा. टोक बोथट झालं की अख्खा नाला त्याखाली गडप. इथे आल्यापासून हे फार जाणवतं. १९१४ ची मॅकमहोन रेषा ज्या नकाशावर आखली, त्याचं प्रमाण इंचाला आठ मैल होतं. एका मैलात ६३,३६० इंच, म्हणून नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. टाक किती जाड होता यावर आमच्यासारख्यांच्या किती थंड्या जाणार, ते तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं असेल?

पण तो प्रश्न मला खरा शिकवला तो एका मॉर्टर हवालदाराने. मी नवा लेफ्टनंट. आठवडाभर १:२५,००० च्या नकाशावर सराव केलेला, हात त्यालाच बसलेला. फील्ड फायरिंगच्या दिवशी नकाशा हातात आला १:५०,००० चा. मोर्चापासून टार्गेट ७६ मिलिमीटर. मी सवयीने पंचविसाने गुणलं आणि ऐटीत रेंज सांगितली: एकोणीसशे.

हवालदारसाहेबांनी ती पुढे दिली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहब, आज नक्शा कौन सा है?"

मी खाली पाहिलं. टार्गेट ३,८०० मीटरवर होतं. एकोणीसशेवर, त्याच दिशेला, टेकडीवर आमची ओ.पी. बसली होती. चार जण. त्यांतल्या एकाने सकाळी मला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला होता.

लेकीची चूक चोवीस शून्यांची, पण तिने कोणाचं काही बिघडत नाही; ती स्वतःच ओरडून सांगते की मी चूक आहे. माझी फक्त दुपटीची. एकोणीसशे हा आकडा अगदी शहाण्यासारखा दिसत होता, आणि साहेबाच्या तोंडून आलेला. त्या आकड्याला अडवायला वीस वर्षांची नोकरी लागते.

हे तिला सांगावं की नाही, क्षणभर ठरेना. मग सांगितलं. फोनवर बराच वेळ फक्त वारा ऐकू येत होता. मला वाटलं, लाइन गेली.

"बाबा, ते काका तुला ओरडले?"

"नाही गं."

"मग?"

"मी रेंज दुरुस्त केली. ते 'ठीक है साहब' म्हणाले आणि मोर्चाकडे गेले. पुन्हा कधी विषय काढला नाही, माझ्यापाशीही नाही."

"तू थँक यू म्हणालास?"

तेव्हा नाही. त्यांच्या निवृत्तीच्या बडाखान्यात म्हणालो, दहा वर्षांनी. त्यांनी विचारलं, "किस बात का, साहब?"