थुंकीचा तिसरा नमुना

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही या स्मरणिकेसाठी प्रयोगशाळेविषयी लिहीत आहोत, त्याला कारण एक विद्यार्थी आहे.

घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीतून तो आमच्या वसतिगृहात आला. पंचवीस वर्षे तरी झाली असतील. ताप, खोकला, उतरलेले वजन. थुंकीचे दोन नमुने तपासले. क्षयाचे जंतू दिसले नाहीत. आम्ही निर्धास्त झालो. आई मात्र म्हणाली, "सर, कागद काहीही म्हणू द्या, पोराला रात्री घाम फुटतो." दीड महिन्याने तिसऱ्या नमुन्यात जंतू सापडले. तोवर शेजारच्या खाटेवरचा मुलगाही खोकू लागला होता. दोघेही बरे झाले. आमची टोचणी राहिली.

चूक तपासणाऱ्याची नव्हती, हे पुढे वाचनातून कळले. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याविना ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत. संख्या कमी, म्हणून नोंदच नाही! दप्तरांचा असा न्याय इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

थोडे असतानाच ओळखावे, यासाठी प्रकाशाचे संवेदक निघाले. काचेवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर, त्यावर प्रतिपिंडे. त्यांना रोगाचा रेणू चिकटला की परावर्तित प्रकाश ज्या कोनात सर्वांत मंद होतो, तो कोन किंचित सरकतो. सोन्यावर ग्राफीन अंथरले तर जैविक रेणू अधिक घट्ट धरले जातात आणि सरकणे वाढते. ग्राफीन म्हणजे एका अणूइतक्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो चक्क चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून दाखवला. मात्र प्रत्येक थर सुमारे २.३ टक्के प्रकाश गिळतो. थर फार चढवले तर खूणच पुसट होते.

आमच्या शेजारी, पवईच्या आयआयटीत प्रा. सौम्य मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी यू आकारात वाकवलेल्या प्रकाशतंतूने ई. कोलाय जिवाणू ओळखले. तेथे ग्राफीन नव्हे, वाक कामी येतो; वाकणावर प्रकाशाचा बाहेरच्या द्रवाशी संबंध वाढतो.

गेल्या वर्षी त्या मुलाची आई विहारात भेटली. हे सारे ऐकून तिने विचारले, "सर, आपल्या दवाखान्यात कधी येणार?" सीबीनॅट तपासणी आली आहे, ती सूक्ष्मदर्शकाहून पुष्कळ सरस आहे, असे आम्ही सांगितले. ग्राफीनचे मात्र खरे तेच सांगावे लागले: एकसारखा थर स्वस्तात अंथरणे अवघड आहे, आणि थुंकीतले नको ते रेणूही त्याला चिकटतात.